लेक्सरचा स्टेट ग्राफ काढून चूक कशी पकडायची? (/***/ नंतरचा कोड गायब)

तिसरा_कंस

एका छोट्या भाषेसाठी लेक्सर जनरेटर लिहिला आहे (लेक्सर म्हणजे कोडच्या मजकुराचे शब्द, आकडे, चिन्हं असे तुकडे, म्हणजे टोकनं, करणारा भाग). रचना नेहमीचीच: रेगेक्सवरून (टोकनच्या नमुन्यावरून) थॉम्सनच्या पद्धतीने एनएफए (स्टेट म्हणजे अवस्था आणि त्यांतले बाण; एका अक्षरावर अनेक वाटा असू शकतात), सबसेट कन्स्ट्रक्शनने डीएफए (एका अक्षरावर एकच वाट), मग मिनिमायझेशन (सारख्या स्टेट एकत्र करणं), आणि शेवटी प्रत्येक स्टेटला २५६ रकाने असलेलं टेबल. नियम ३८, मिनिमायझेशननंतर स्टेट २१३.

अडचण कॉमेंटच्या नियमात आहे:

`/\*([^*]|\*[^/])*\*/`

`/* साधी */` नीट ओळखली जाते, `/**/` सुद्धा. पण `/***/` आलं की दोनपैकी एक होतं. फायलीत पुढे आणखी एखादी कॉमेंट असेल, तर मधला सगळा कोड कॉमेंट म्हणून गिळला जातो. पुढे कॉमेंट नसेल, तर भागाकार, गुणाकार, गुणाकार, गुणाकार, भागाकार अशी पाच टोकनं मिळतात. एकाच इनपुटची दोन लक्षणं, त्यामुळे चूक रेगेक्समध्ये आहे, मिनिमायझेशनमध्ये आहे की टेबल वाचणाऱ्या लूपमध्ये, हेच ठरवता येत नाही.

डीएफए ग्राफव्हिझच्या डॉटला (ग्राफचं चित्र काढणाऱ्या साधनाला) देऊन चित्र काढलं. हजारो बाणांचं काळं जाळं दिसतं, वाचता काहीच येत नाही. हे वाचण्याजोगं कसं करायचं?

---

अर्धविराम

अख्खा ग्राफ काढूच नका. साधारण ४० स्टेटच्या पुढे डॉटचं चित्र डोळ्यांनी वाचता येत नाही, मांडणी कितीही चांगली असो. आधी एवढं करा.

एका स्टेटकडून दुसऱ्या एकाच स्टेटकडे जाणारे सगळे बाइट गोळा करून त्यांचा एकच बाण काढा. सलग बाइट असतील तर सुरुवात आणि शेवट लिहा. बाइट १२८ पेक्षा जास्त असतील तर उरलेले लिहा, म्हणजे ‘* सोडून सगळे’. एवढ्यानेच हजारो बाण शंभर-दोनशेवर येतात.

डेड स्टेट (जिथून कुठलंच टोकन पूर्ण होऊ शकत नाही ती) आणि तिच्याकडे जाणारे बाण चित्रातून काढून टाका. बाण नाही म्हणजे तिथे अडलं, हे वाचणाऱ्याला कळतं.

मग कीवर्ड. तुमच्या २१३ पैकी बहुतेक स्टेट त्यांच्याच असणार, कारण कीवर्डच्या प्रत्येक अक्षराला एक स्टेट लागते आणि त्या प्रत्येकीतून ‘नाव’ या टोकनकडे परत बाण जातो. जाळं दिसतं ते याचंच. चित्रापुरते कीवर्डचे नियम बंद करा.

आणि शेवटी फक्त दोन नियम ठेवा: कॉमेंट आणि भागाकार. जनरेटर पुन्हा चालवा आणि `/***/` देऊन चूक अजून येते का ते आधी बघा. येत असेल तर ती या दोन नियमांतच आहे. गेली, तर ती नियमांच्या आपसातल्या टकरीची आहे, मग काढलेले नियम अर्धे-अर्धे करून परत घाला.

चित्राची दिशा डावीकडून उजवीकडे ठेवा. स्वीकाराच्या स्टेटला (जिथे टोकन पूर्ण होतं तिला) दुहेरी वर्तुळ द्या आणि आत टोकनचं नाव व तिथे जुळणाऱ्या सगळ्या नियमांचे क्रमांक दोन्ही लिहा. नुसतं दुहेरी वर्तुळ पुरत नाही.

लेबलात एक अडचण हमखास येते. डॉटच्या लेबलमध्ये बॅकस्लॅशला स्वतःचा अर्थ असतो: त्यापुढे छोटा एन आला तर ओळ तुटते, मोठा एन आला तर तिथे नोडचं नाव येतं. बॅकस्लॅश आणि दुहेरी अवतरण तसंच लिहिलं की चित्र खोटं बोलतं किंवा फाइल वाचलीच जात नाही. छापता न येणारी अक्षरं, स्पेस, अवतरण आणि बॅकस्लॅश हे सगळे हेक्स आकड्यांतच लिहा.

---

तिसरा_कंस

दोन नियम ठेवले, चूक तशीच आहे. चित्र पाचच स्टेटचं आलं. मजकुरात देतो:

० : `/` → १
१ (स्वीकार: भागाकार) : `*` → २
२ : `*` → ३, `*` सोडून सगळे → २
३ : `/` → ४, `/` सोडून सगळे → २
४ : (स्वीकार: कॉमेंट)

---

उजवा_बाण

चूक स्टेट ३ मध्ये आहे. तिचा अर्थ काय, ते शब्दांत मांडून बघा: ‘आत्ताच एक तारा वाचला, आता तिरकी रेघ आली की कॉमेंट संपली.’ या स्टेटमध्ये आणखी एक तारा आला तर अर्थ बदलतो का? नाही. शेवटचं अक्षर अजूनही ताराच आहे, म्हणून ३ वरच राहायला हवं. तुमच्या चित्रात ‘`/` सोडून सगळे’ यात ताराही येतो, आणि तो २ कडे परत पाठवतो. तारा वाचूनही लेक्सर तो विसरतो.

`/***/` हाताने चालवा:

`/` → १
`*` → २
`*` → ३
`*` → २ (इथे चुकलं)
`/` → २

तिरकी रेघ आली तेव्हा लेक्सर २ वर होता आणि २ ला ती रेघ साधं अक्षर वाटते. इथून पुढे पहिली `*/` जिथे मिळेल तिथपर्यंत सगळं गिळलं जातं. फायलीत ती मिळालीच नाही, तर लेक्सर शेवटच्या स्वीकाराकडे मागे येतो, आणि तो स्वीकार स्टेट १ चा, म्हणजे भागाकार. तुमची दोन्ही लक्षणं या एका बाणाची आहेत.

हे सम-विषमावर कसं अवलंबून आहे तेही बघा. सुरुवातीच्या `/*` नंतर लगेच तारेच असतील, तर त्यांची संख्या विषम असताना लेक्सर ३ वर असतो आणि कॉमेंट बरोबर संपते. सम असेल तर २ वर असतो आणि पुढे धावतो. म्हणून `/**/` आणि `/****/` चालतात, `/***/` आणि `/*****/` चालत नाहीत. मजकुराच्या शेवटी `**/` लिहिणाऱ्यांच्या कॉमेंटही याच कारणाने फुटतील. चाचण्यांत सहसा एक साधी आणि एक रिकामी कॉमेंट असते. दोन्ही इथे पास होतात.

बरोबर नियम:

`/\*([^*]|\*+[^*/])*\*+/`

यात ३ वर तारा आला तर ३, तिरकी रेघ आली तर ४, बाकी काहीही आलं तर २.

---

मोजका_मजकूर

मुळात एवढा किचकट नियम कशाला? `/\*.*\*/` लिहून चालणार नाही का?

---

उजवा_बाण

नाही. टिंबात नवी ओळ धरली तर फायलीतल्या पहिल्या कॉमेंटपासून शेवटच्या कॉमेंटपर्यंत सगळं एक टोकन होईल. नवी ओळ धरली नाही तर हेच एका ओळीत होईल, आणि अनेक ओळींची कॉमेंट ओळखलीच जाणार नाही.

याचंही चित्र काढून बघा, कारण ते शिकण्यासारखं आहे. पाचच स्टेट येतात, पण स्टेट ४ मधून बाण बाहेर निघतात: तारा आला तर ३ कडे, बाकी काही आलं तर २ कडे. जिथे टोकन संपायला हवं त्या दुहेरी वर्तुळातून बाण निघत असेल, तर लेक्सर तिथे थांबणार नाही. सर्वांत लांब जुळणी घेणं हे त्याचं कामच आहे. कॉमेंट, स्ट्रिंग यांसारखी शेवटची खूण असलेली टोकनं असतील, तर त्यांच्या स्वीकार स्टेटमधून एकही बाण निघता कामा नये. चित्रात सर्वांत आधी हे तपासा.

काही रेगेक्स इंजिनांत ‘कमीत कमी जुळव’ असं लिहिता येतं, पण साध्या डीएफए लेक्सरमध्ये ती सोय नसते. तिच्या भरवशावर नियम उतरवून घेऊ नका.

---

तिसरा_कंस

नियम बदलला, कॉमेंट सुटली. दुसरी अडचण: `१..१०` अशी रेंज लिहिली की पूर्णांक १, एक टिंब, पूर्णांक १० असं येतं. मधे दोन टिंबांचं टोकन यायला हवं. दशांशाचा नियम ‘अंक, टिंब, किमान एक अंक’ असा आहे. पूर्णांक, दशांश, टिंब आणि दोन टिंबं या चार नियमांचा ग्राफ काढला, तो मला बरोबर दिसतो.

---

अर्धविराम

ग्राफ बरोबरच असणार. इथे चूक लूपमध्ये आहे. ग्राफची चूक आणि लूपची चूक वेगळी काढायची एक पद्धत आहे: लेक्सरला प्रत्येक बाइटला एक ओळ छापायला लावा. त्यात पाच गोष्टी हव्यात: इनपुटमधली जागा, वाचलेला बाइट, कुठल्या स्टेटमधून, कुठल्या स्टेटमध्ये, आणि शेवटचा स्वीकार कुठे व कुठल्या टोकनचा. टोकन बाहेर पडताना त्याची सुरुवात आणि शेवट छापा.

`१..१०` साठी हे असं दिसायला हवं. जागा ० वर अंक, स्टेट ‘पूर्णांक’, शेवटचा स्वीकार १ पर्यंत. जागा १ वर टिंब, स्टेट ‘टिंबानंतर अंकाची वाट’, ही स्वीकाराची नाही, म्हणून शेवटचा स्वीकार १ वरच. जागा २ वर टिंब, बाण नाही. म्हणजे टोकन ० ते १, आणि पुढचं वाचन जागा १ पासून.

तुमच्या लूपमध्ये टोकनचा प्रकार शेवटच्या स्वीकारावरून घेतला जातोय, पण वाचनाची जागा मागे नेली जात नाही. पुढचं वाचन जागा २ पासून होतं, म्हणून पहिलं टिंब हरवलं. स्वीकार मिळाला की प्रकार आणि जागा दोन्ही एकत्र साठवा आणि अडल्यावर दोन्ही एकत्रच परत घ्या.

या छापलेल्या ओळी म्हणजे ट्रेस. त्यातला स्टेटचा क्रम ग्राफवर बोटाने चालवा. क्रम आणि बाण जुळत नसतील तर टेबल चुकीचं भरलंय. जुळतात पण बाहेर पडलेलं टोकन शेवटच्या स्वीकाराशी जुळत नाही, तर लूप चुकतोय. दोन्ही जुळतात आणि तरी टोकन नको ते येतं, तर नियमच तसा लिहिलाय. एवढं कळलं की शोधण्याची जागा एक तृतीयांश होते.

ट्रेसवरून चित्रही रंगवता येतं. ज्या बाणांवरून इनपुट गेलं ते लाल आणि जाड करा, त्या वाटेवरच्या स्टेट आणि त्यांच्यापासून एका पावलावरच्या स्टेट ठेवा, बाकी सगळ्या काढून टाका. मग नियम कमी न करताही २१३ स्टेटच्या ग्राफचं चित्र दहा-पंधरा वर्तुळांचं होतं.

---

स्वल्प_विराम

ट्रेस असेल तर चित्र कशाला, असं माझं मत आहे. फ्लेक्स या तयार लेक्सर जनरेटरमध्ये छोट्या डीच्या पर्यायाने कुठल्या ओळीचा नियम लागला ते छापून येतं, मागे यावं लागलं तर तेही. बहुतेक चुका तेवढ्यावर सापडतात.

---

उजवा_बाण

ट्रेस घेतलेली वाट दाखवतो. `/***/` मध्ये चूक अशी होती की ३ वरून ३ कडे जाणारा बाण नव्हताच. नसलेला बाण ट्रेसमध्ये कसा दिसणार? ३ नंतर २ आलं एवढंच दिसतं, आणि ते चूक आहे हे कळायला ३ चा अर्थ माहीत हवा. तो चित्रावरून कळतो. दोन्ही लागतात.

लेक्सर बनवणाऱ्या इतर साधनांबद्दल: आरईटूसीमध्ये मोठ्या डीच्या पर्यायाने कोडऐवजी थेट डॉटचा ग्राफ मिळतो. रॅगेलमध्ये मोठ्या व्हीने. जेफ्लेक्स एनएफए, डीएफए आणि मिनिमाइझ केलेला डीएफए या तिन्हींच्या वेगळ्या डॉट फायली देतं. मिनिमायझेशनवर संशय असेल तेव्हा हे फार कामाचं. रस्टमधल्या लोगोसमध्ये एक्स्पोर्टची डिरेक्टरी सांगितली की ग्राफ डॉट आणि मर्मेड अशा दोन्ही रूपांत लिहिला जातो. फ्लेक्स थेट डॉट देत नाही. मोठ्या टीने एनएफए आणि डीएफए मजकुरात छापतं, त्यावरून छोट्या स्क्रिप्टने डॉट बनवावं लागतं.

---

काना_मात्रा

भाषेत देवनागरी नावं चालणार असतील तर नावाच्या नियमाचा ग्राफ वेगळा काढाच. बाइटवर चालणाऱ्या लेक्सरला अक्षर कळत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘अ’ म्हणजे हेक्समध्ये ई०, ए४, ८५ आणि ‘ह’ म्हणजे ई०, ए४, बी९.

`[अ-ह]` असा वर्ग फ्लेक्सला दिला तर तो कंसातले बाइट सुटे सुटे वाचतो: ई०, ए४, मग ८५ पासून ई० पर्यंतची रेंज, मग ए४, बी९. ग्राफमध्ये सुरुवातीपासून निघणारा ‘८५ ते ई०’ असा एकच बाण दिसतो. तीन पावलांची साखळी नाही, म्हणजे नियम चुकला, हे बघताक्षणी कळतं. ‘किंमत’ हे नाव दिलं तर ‘कि’ जातं, अनुस्वाराचे ई० आणि ए४ हे बाइटही जातात, आणि ८२ वर अडतं. टोकन अर्ध्या चिन्हावर तुटतं आणि एरर मेसेजमध्ये चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात.

बरोबर ग्राफमध्ये ई० नंतर दोन फाटे हवेत, एक ए४ चा आणि एक ए५ चा. हा दुसरा फाटा विसरण्याची चूक सर्रास होते, कारण अ ते ह सगळी अक्षरं ए४ मध्येच आहेत. काना आणि पहिली वेलांटी ए४ मध्ये, पण दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त ए५ मध्ये. त्यामुळे ‘किंमत’ चालतं, ‘पाणी’ शेवटच्या वेलांटीवर तुटतं, आणि जोडाक्षर असलेलं प्रत्येक नाव हलन्तावर तुटतं. चाचणीत या दोन्ही तऱ्हेची नावं ठेवा.

आणखी एक: काही कीबोर्ड जोडाक्षरात झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) घालतात. त्याचे बाइट ई२, ८०, ८डी. नावाच्या ग्राफमध्ये ई२ चा बाण नसेल तर नाव तिथेच संपणार. युनिकोडच्या नावांच्या मूळ नियमात ते चिन्ह बसत नाही, त्यामुळे चालवायचं की नाही हे ठरवून घ्या.

---

मोजका_मजकूर

माझ्या लेक्सरमध्ये कीवर्ड कधी कीवर्ड येतो, कधी नाव. कोड न बदलता, नुसता पुन्हा बिल्ड केला तरी बदलतो.

---

अर्धविराम

सबसेट कन्स्ट्रक्शनमध्ये एका डीएफए स्टेटमध्ये अनेक एनएफए स्टेट असतात, आणि त्यांतल्या दोन स्वीकाराच्या असू शकतात: एक कीवर्डची, एक नावाची. त्यांतली ‘पहिली भेटलेली’ घेतली आणि संच हॅशचा असेल, तर पहिली कोणती भेटेल याचा भरवसा नाही. नियमाचा सर्वांत लहान क्रमांक घ्या आणि कीवर्ड नावाच्या आधी लिहा. संच शोधायची किल्ली (key) म्हणून वापरण्याआधी तो सॉर्ट करा, नाहीतर एकच स्टेट दोनदा तयार होते.

बिल्ड स्थिर असूनही कीवर्ड नेहमी नावच येत असेल, तर मिनिमायझेशन बघा. पाठ्यपुस्तकातली पद्धत स्वीकार आणि अस्वीकार अशा दोन गटांनी सुरू होते, आणि लेक्सरला ती चालत नाही. प्रत्येक टोकनचा वेगळा गट करून सुरुवात करा, नाहीतर कीवर्डची आणि नावाची स्टेट एकत्र होतात. म्हणूनच वर्तुळात सगळ्या दावेदार नियमांचे क्रमांक लिहायला सांगितलं. मिनिमायझेशनआधीच्या चित्रात ‘४, ३१’ असे दोन क्रमांक असणं ठीक आहे, पण टोकन ४ चंच हवं.

---

स्वल्प_विराम

वेगाबद्दलही ग्राफ सांगतो. दोन नियम घ्या: `क` आणि `क*ख`. इनपुटमध्ये नुसते क, ख एकही नाही. पहिला क स्वीकार, तिथून बाण अस्वीकाराच्या स्टेटकडे, आणि ती क वर स्वतःकडेच फिरते. लेक्सर प्रत्येक टोकनसाठी फायलीच्या शेवटापर्यंत धावतो आणि एका अक्षरावर परत येतो. १०,००० क असतील तर वाचन सुमारे ५ कोटी होतं. चित्रात शोधायचं ते हे: स्वीकार स्टेटपासून पोचता येणारं, फक्त अस्वीकाराच्या स्टेटचं चक्र. फ्लेक्समध्ये छोट्या बीच्या पर्यायाने मागे यावं लागणाऱ्या स्टेटची यादी मिळते.

तुमच्या कॉमेंटमध्येही हे चक्र आहे. १ स्वीकाराची, २ आणि ३ अस्वीकाराच्या. बंद न केलेल्या `/*` साठी वेगळा नियम लिहा:

`/\*([^*]|\*+[^*/])*\**`

याला ‘अपुरी कॉमेंट’ असं एरर टोकन द्या. मग २ आणि ३ दोन्ही स्वीकाराच्या होतात आणि मागे यावं लागत नाही. पुरी कॉमेंट एका अक्षराने लांब असते, म्हणून तीच जिंकते. शिवाय भागाकार-गुणाकाराच्या विचित्र टोकनांऐवजी वापरणाऱ्याला नेमका मेसेज मिळतो.

---

तिसरा_कंस

स्ट्रिंगसाठी वेगळा मोड (स्ट्रिंगच्या आत असताना लागू होणारा नियमांचा वेगळा संच) आहे. तो याच ग्राफमध्ये काढायचा का?

---

उजवा_बाण

प्रत्येक मोडचा डीएफए वेगळ्या चौकटीत काढा. डॉटमध्ये सबग्राफचं नाव क्लस्टरने सुरू केलं की चौकट मिळते. मोड बदलणारे बाण तुटक रेघेने काढा, कारण ते डीएफएचे नसून ॲक्शनचे (टोकन मिळाल्यावर चालणाऱ्या कोडचे) आहेत. आत जाणारा तुटक बाण आहे आणि परत येणारा नाही, तर तो मोड कधी संपणार नाही. मोडचा स्टॅक असेल तर तो मात्र चित्रात दिसत नाही. डीएफए मोजत नाही, त्याची खोली ट्रेसमध्येच छापा.

फ्लेक्सवरून ग्राफ काढत असाल तर एका मोडला दोन सुरुवाती दिसतील. ती चूक नाही: एक ओळीच्या सुरुवातीसाठी, एक इतर जागेसाठी. आणि मोड छोट्या एसने जाहीर केला असेल तर बिनमोडचे सगळे नियम त्यातही लागू असतात. स्ट्रिंगच्या चौकटीत कीवर्डचे बाण दिसले तर तिथे छोटा एक्स हवा होता.

---

तिसरा_कंस

सगळं लावलं. लूपमध्ये जागा परत घेतली, `१..१०` बरोबर येतं. ‘अपुरी कॉमेंट’ उद्या घालतो.

एक भर: स्टेटना क्रमांक सुरुवातीपासून, बाइटच्या चढत्या क्रमाने, ब्रेड्थ-फर्स्ट पद्धतीने (जवळच्या स्टेट आधी) दिले. मिनिमाइझ केलेला डीएफए नावं सोडता एकच असतो, त्यामुळे नियमांचा अर्थ तोच असेल तर डॉटची फाइल अक्षरशः तीच येते. ती आता कोडबरोबर कमिट होते आणि बिल्डमध्ये जुन्या फाइलशी ताडली जाते. कॉमेंटच्या दुरुस्तीचा डिफ असा आला. स्टेट २१३ च राहिल्या. एक ओळ गेली, ३ → २ ‘`/` सोडून सगळे’. दोन आल्या: ३ → २ ‘`*` आणि `/` सोडून सगळे’, आणि ३ → ३ ‘`*`’. क्रमांक इथे छोट्या ग्राफचे दिले आहेत.